कल्याण जंक्शन, प्लेग आणि कुरतडलेली वायर

१/ सन १८९७. मुंबईहून निघालेल्या प्रवाशांची कल्याण जंक्शनवर तपासणी होत असे. ताप आहे का, काखेत वा जांघेत गाठ आहे का, हे डॉक्टर पाहत. प्लेग पुढे पसरू नये म्हणून हा बंदोबस्त होता. माणसे अडवली जात होती. उंदराचा विचार मात्र मागेच राहिला होता. 🧵

२/ आज त्याच कल्याणात, डोंबिवलीत, ठाण्यात एखाद्या सकाळी गाडी सुरू होत नाही. बॉनेट उघडावे, तर वायर कुरतडलेली. प्लेगच्या संहाराशी या नुकसानीची तुलना नाही. पण उंदराशी झगडताना माणसाची जी चूक तेव्हा झाली, ती आजही होते.

३/ सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे बंदरालगतची, धान्याच्या वखारींची वस्ती. तेथे मेलेले उंदीर लोकांना दिसत होते. सरकारी उपायांचा भर मात्र घरे धुण्यावर, झडतीवर आणि रुग्ण हलवण्यावर होता.

४/ १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिले की, प्लेग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो. अनेकांनी ते मानले नाही. १९०५ पासून मुंबईत झालेल्या प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनंतर ही गोष्ट पक्की झाली.

५/ मग उंदीर मारावेत? त्याच काळात, १९०२ मध्ये, प्लेगच्या धास्तीने हनोईत फ्रेंच सरकारने उंदराच्या शेपटीमागे इनाम लावले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देऊ लागले, काहींनी तर उंदीर पाळले! उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते. अन्न आणि आसरा कायम असेल, तर रिकामी झालेली जागा पुन्हा भरते.

६/ आता वायरीकडे. उंदीर हा कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून ते झिजवावेच लागतात. त्या दातांचे कवच तांब्याहून कठीण असते. वायरीवरील प्लास्टिकची काय कथा!

७/ मात्र वायर हे त्याचे अन्न नव्हे. बंद गाडीचे इंजिन म्हणजे काळोखी, कोरडी आणि काही काळ उबदार जागा. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की असा आसरा त्याला अधिकच सोयीचा.

८/ म्हणून उपायही आसऱ्यावरच हवा. गाडी कचराकुंडी आणि उघड्या गटारापासून दूर लावावी. आत खाऊचा कण ठेवू नये. गाडी वरचेवर चालवावी, बॉनेट उघडून पाहावे, चिंध्या-कागदांचे घरटे लगेच काढावे. शिरण्याच्या फटींना मेकॅनिककडून बारीक पोलादी जाळी बसवून घ्यावी. डांबरगोळ्यांचा वास काही दिवसांत ओसरतो. विषाने मेलेला उंदीर इंजिनातच कुजतो, आणि तो खाणाऱ्या मांजर-घुबडांनाही धोका असतो.

९/ एका गाडीला जाळी बसली, तर उंदीर शेजारच्या गाडीत जातो. कबुतरांसाठी टाकलेले दाणे, उघडा कचरा, फुटलेले गटाराचे झाकण हे कोणा एकाचे नसते. म्हणून वायरीचा प्रश्न गॅरेजइतकाच सोसायटीच्या सभेचाही आहे.