सुगीचा सेल आणि आईची कणगी

परवा आमच्या सूनबाई डी-मार्टमधून आल्या त्या दोन मोठ्या पिशव्या आणि एक खोका घेऊन. तूरडाळ पाच किलो, शेंगदाण्याचं तेल दोन कॅन, चहाची पावडर 'एकावर एक', साबणाच्या वड्या तर मोजल्याच नाहीत. "आई, ऑफर होती. तीन महिन्यांची निश्चिंती!" असं म्हणून तिने फ्रिजवर कागद चिकटवला. सोमवारी वरण-फळं, मंगळवारी आमटी, बुधवारी डाळ-पालक... जे स्वस्त मिळालं त्याला धरून आठवड्याचा स्वयंपाक. मुलगा थट्टेने म्हणाला, "आई, हे तुझ्या काळी नव्हतं ना?"

मी हसले. नव्हतं कसं? नाव वेगळं होतं इतकंच. आम्ही त्याला बेगमी म्हणायचो, आणि त्या काळचा सेल म्हणजे सुगी.

आमचं गाव मंगळवेढा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सोलापूर जिल्ह्यातलं हे गाव ज्वारीचं कोठार म्हणून ओळखलं जातं. काळी, खोल जमीन. भाद्रपद-आश्विनात पेरायचं आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर माघ-फाल्गुनात काढायचं. पाटाचं पाणी नाही की काही नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी ज्वारी आमच्याकडे जी पिकते, तिची भाकरी कापसासारखी पांढरी आणि मऊ. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. असो, गावाचं कौतुक पुरे.

सुगीत सगळ्यांचीच ज्वारी एकदम बाजारात येते. शेतकऱ्याला सावकाराचं देणं भागवायचं असतं, पोरीचं लग्न असतं, म्हणून तो थांबू शकत नाही आणि भाव पडतो. श्रावणात तीच ज्वारी चढ्या भावाने घ्यावी लागते. म्हणजे वर्षाचं धान्य फाल्गुन-चैत्रात भरून ठेवलं तर पैसे वाचतात, हे गणित आमच्या चौथी शिकलेल्या आईला तोंडपाठ होतं. आम्ही घरात सहा माणसं. वर्षाला आठ पोती ज्वारी, दोन पोती गहू, एक पोतं तूर. तांदूळ जेमतेम, कारण भात पाहुण्यांना आणि आजाऱ्यांना. गुळाची एक ढेप, शेंगा, हुलगे, आणि लाल मिरच्या.

ज्वारी आली की अंगणात आठवडाभर उन्हं द्यायची. मग कडुनिंबाचा वाळलेला पाला थराथराने घालून कणगीत भरायची. तुरकाठ्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली कणगी स्वयंपाकघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत उभी असे. खाली एक भोक आणि त्याला चिंधीचा बोळा. वरून भरायचं आणि खालून काढायचं, म्हणजे तळाचं जुनं धान्य आपोआप आधी संपतं. सूनबाई हल्ली डब्यांवर तारखा लिहिते आणि जुना डबा पुढे ओढते, त्याच कामाला आमच्याकडे एक चिंधी पुरत असे. तूर घरीच भिजवून, तेल लावून, वाळवून जात्यावर भरडायची. डाळीला एरंडेलाचा हात. चिंचा फोडून, मीठ लावून, गोळे करून मडक्यात. उन्हाळाभर पापड, कुरडया, सांडगे. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवलेला असे, अंबाडीसुद्धा.

आणि मग त्या साठ्याला धरून वर्षाचा स्वयंपाक. मृगाचा पाऊस पडला की भाजी बाजारात दिसेनाशी व्हायची. त्या दोन-अडीच महिन्यांत सांडग्याची आमटी, वाळल्या पाल्याची भाजी, पिठलं, हुलग्याचे शेंगोळे, शेंगांची चटणी. कुरडई नुसती तळून कुणाला मिळत नसे, ती सणाला. कुठल्या महिन्यात काय खायचं हे आईने कागदावर कधी लिहिलं नाही, पण श्रावणातला सांडगा कुणी आषाढात मागितला तर "अजून त्याची पाळी नाही" असं उत्तर मिळे.

आता यातली खरी अडचण सांगते. साठवणाची ही सगळी हुशारी चालते ती हातात एकदम पैसा असेल तरच. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. पगार महिन्याला, तोही तुटपुंजा, आणि ज्वारी तर फाल्गुनातच स्वस्त! यावर आईचा तोडगा म्हणजे भिशी. गल्लीतल्या बारा बायकांची. आई बाकीचे सगळे नंबर सोडून देई, फक्त मार्चचा आपल्याला मिळावा म्हणून हटून बसे. त्या पैशांतून सुगी पदरात पडायची. पण गल्लीत अशीही घरं होती ज्यांना भिशीचे महिन्याचे पैसेही परवडत नसत. ती घरं दुकानातून मापट्याने, चिपट्याने ज्वारी आणत. वजनं केव्हाच किलोची झाली होती, तरी आमच्याकडे तोंडात पायली आणि चिपटंच होतं. रोज थोडं घेणारा नेहमी महागात घेतो. शिवाय उधारीवर घेतलं की माप सपाट, शीग नाही. थोडक्यात, गावात सर्वांत गरीब असे तोच ज्वारीला सर्वांत जास्त भाव मोजत असे. मी पुढे पस्तीस वर्षं शाळेत गणित-इतिहास शिकवला, पण नफा-तोट्याच्या उदाहरणांत हे उदाहरण कधी छापलेलं पाहिलं नाही.

बेगमी माणसाने फार जुन्या काळापासून केली. आमच्या भागात जमिनीत पेवं असत. घट्ट मातीत खोल खड्डा, अरुंद तोंड, आत कडब्याचं अस्तर, वरून माती लिंपून बंद. हवा नाही, ओल नाही, म्हणून धान्य वर्षानुवर्षं टिके. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर थांबायचं, कारण आत कोंडलेल्या वायूने माणसं गेलेली आहेत. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची अशी पेवं होती, २००५ च्या महापुराने त्यांचं फार नुकसान झालं.

आणि मंगळवेढ्याची म्हणून जी गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे ती तरी कशाची? साठ्याचीच. पंधराव्या शतकात बेदरच्या बादशहाच्या पदरी असलेले दामाजीपंत मंगळवेढ्याचा कारभार पाहत. दुष्काळ पडला, माणसं मरू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली. बादशहाने पकडून आणण्याचा हुकूम सोडला, आणि कथा सांगते की विठोबाने विठू महाराचं रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली. 'आधी पोटोबा मग विठोबा' म्हणतात, इथे तर विठोबानेच पोटोबाचं बिल चुकतं केलं! वर्गात ही गोष्ट सांगताना मुलं हसायची. मला मात्र ती सांगताना दर वेळी एक अडखळ व्हायची. ती १९७२ मुळे.

सत्तरी ओलांडलेल्यांना बहात्तरचा दुष्काळ सांगायला नको. आधीची एक-दोन वर्षंही ओढगस्तीचीच होती, आणि १९७२ ला पावसाने पाठच फिरवली. रब्बीची पेरणीच झाली नाही. मी तेव्हा सोलापूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. दिवाळीला घरी आले तर कणगीत जेमतेम दोन पोती ज्वारी उरलेली. आईने त्या सुगीला महाग म्हणून सहाच पोती घेतली होती, आणि एक जुनं 'अडीनडीचं' पोतं होतं. पुढची सुगी येणार नाही हे दिसतच होतं. म्हणजे दोन पोती १९७४ च्या सुगीपर्यंत पुरवायची, सव्वा वर्ष!

रेशनवर मिलो मिळे. अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि भाजल्यावर विटेच्या रंगाची दिसायची. आईने ठरवलं, मिलोत मूठभर मालदांडी मिसळायची, आणि निव्वळ पांढरी भाकरी फक्त म्हाताऱ्या आजीला, तिला मिलो पचत नसे म्हणून. सगळीकडे दुष्काळी कामं निघाली होती. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. कामावर सुकडी मिळे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात मार्गी लागली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला.

तिकडे मुंबईत महागाईविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, हातात लाटणी घेतलेल्या हजारो गृहिणी. वडील वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. 'साठेबाजांना धडा शिकवा' असं वाचलं की आईची नजर नकळत आतल्या खोलीकडे जाई. १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा बड्या व्यापाऱ्यांसाठी होता, दोन पोत्यांच्या कणगीसाठी नव्हता. पण आम्हा भावंडांना ताकीद होती, कणगीत किती आहे हे बाहेर बोलायचं नाही. कालपर्यंत जी काटकसर होती ती लपवायची वस्तू झाली.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या बाई दाराशी आल्या. खडीच्या कामावर जायच्या, बरोबर दोन लेकरं. कामाचा पगार दोन आठवडे थकला होता. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, पायलीभर जवारी द्या की. पगार झाला की आणून देते." आई म्हणाली, "अहो, कुठली ज्वारी? आम्हीच मिलो खातोय." मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होते, पाठीला कणगी लागत होती. बाई "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचं धाकटं पोर मात्र मागे रेंगाळलं. ओसरीवर आजी जेवत होती, तिच्या ताटात पांढरी भाकरी होती. पोराने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पळालं.

आईने त्या रात्री जेवण केलं नाही. मला म्हणाली, "एकीला दिली तर दहाजणी येतील. तुम्हाला काय घालू?" तिचं चुकलं असं मी तेव्हाही म्हणू शकले नाही आणि आजही म्हणवत नाही. सहा माणसांचा सव्वा वर्षाचा हिशेब तिने डोक्यात मांडला होता. पण दामाजीच्या गावातलं आमचं घर, आणि बोळा मारलेली कणगी... वर्गात अडखळायला होई ते यामुळे.

पुढे काळ बदलला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. माझी धाकटी बहीण डोंबिवलीला असते, ती तिच्या एका संघात बरीच वर्षं होती. पाच-पंचवीस घरांनी महिन्याची यादी आधी द्यायची, पंचायतीने घाऊक भावाने माल घ्यायचा आणि एकीच्या घरी सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. आईच्या भिशीचीच ही शहरातली बहीण म्हणायची, फक्त पैशाऐवजी मालाची. मग मॉल आले. २००६ च्या २६ जानेवारीला बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' लावला तेव्हा इतकी गर्दी उसळली की काही ठिकाणी दुकानं बंद करावी लागली. ते बिग बझारही आता इतिहासजमा झालं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या सोसायटीत लोकांनी पिठाच्या थैल्या गाडीच्या डिकीत भरभरून आणल्या, आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई दुकानात गेल्या तेव्हा फळी रिकामी होती. त्यांना पगार सात तारखेला मिळतो. त्या वेळी मी सूनबाईला काही न सांगता स्वतःच पाच किलो आटा आणि दोन किलो डाळ त्यांच्या पिशवीत घातली. सूनबाईला नंतर कळलं, ती काही बोलली नाही.

तर, १९७३ ला पाऊस चांगला झाला. रब्बी उत्तम आली. १९७४ च्या संक्रांतीच्या आधी, नवी ज्वारी यायची म्हणून आईने कणगी रिकामी करायला घेतली. बोळा काढला, हात घातला, झाडून काढलं. तळातून तीन पायल्या ज्वारी निघाली. सोंडे लागलेली, अर्धी पोखरलेली. आई बराच वेळ ती सुपात घेऊन बसली होती. एक पायली मागितली होती, उरल्या तीन.

तिने ती दिवसभर पाखडली, उन्हात घातली, निवडली. दोन पायल्या चांगल्या निघाल्या. संध्याकाळी स्वतः शेजारी घेऊन गेली. काय बोलली ते मला माहीत नाही, मी सोलापूरहून आल्यावर धाकट्या बहिणीने सांगितलं. शेजारच्या बाईंनी घेतली, पण आधी आपल्या मापाने मोजून घेतली.

फाल्गुनात सुगीच्या काढणीवर त्यांना मजुरी ज्वारीत मिळाली. एके दिवशी सकाळी त्या आल्या आणि दोन पायल्या नवी मालदांडी आमच्या ओसरीवर मोजून ओतली. दोन्ही मापांना शीग होती.