जँगोचे शेवटचे चार ट्रॅक आणि अमान्सिओचं कोंकण

८ एप्रिल १९५३ रोजी जँगो राइनहार्ट पॅरिसच्या स्टुडिओत गेला आणि चार ट्रॅक रेकॉर्ड करून आला. १६ मे रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने तो वारला. वय ४३. त्या चारांतला ‘डेकाफोनी’ मी कोड लिहिताना शंभरदा तरी ऐकला असेल. पण ‘जिप्सी जॅझ’ म्हणून शोधायला गेलात तर आधी समोर येतो तो तीसच्या दशकातला जँगो. सोबत स्तेफान ग्रापेलीचं व्हायोलिन, डबल बास आणि दोन ऱ्हिदम गिटार. ड्रम नाहीतच, त्यांचं काम गिटारवाले छक-छक करत उरकतात. १९३४ साली सुरू झालेला हा पाच जणांचा चमू युरोपभर गाजला. १९२८ साली राहत्या गाडीला आग लागून जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी झाली होती, तरी उरलेल्या दोन बोटांवर तो सुसाट सोलो वाजवायचा. ही कथा इतकी जबरदस्त आहे की पुढची वीस वर्षं तिच्याखाली दबून जातात.

पुढे झालं ते असं. चाळीसच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी या मंडळींनी बीबॉप उभं केलं. स्विंग हे नाचायचं संगीत होतं, तर बीबॉप बसून कान देऊन ऐकायचं. लय पळती, कॉर्ड झपाझप बदलणाऱ्या आणि सुरावट भलत्याच ठिकाणी वळणारी. १९४६ साली जँगो ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्राबरोबर अमेरिकेचा दौरा करून आला आणि तिथे इलेक्ट्रिक गिटार वाजवू लागला. इकडे फ्रान्समध्ये बीबॉपवरून जुंपली. ज्या ‘हॉट क्लब’ने जँगोला उभं केलं, त्याचे दोन खांब म्हणजे ह्यूग पानासिए आणि शार्ल दलोने. पानासिएच्या मते बीबॉप हा जॅझच नव्हता. १९४७ साली दोघांची फाटाफूट झाली.

जँगोने वाद घातला नाही, वाजवून दाखवलं. १९५१ पासून तो क्लब सें-जेर्मेंमध्ये पंधरा-सतरा वर्षांनी लहान पोरांबरोबर बसू लागला. आता मागे छक-छक नव्हती, पियानो आणि ड्रम होते. गिटारला पिकअप लावलेला, आवाज जरा खरखरीत. शेवटच्या वर्षांतलं वादन ऐकताना मला सर्वांत नवल वाटतं ते त्याच्या थांबण्याचं. पूर्वी मोकळी जागा दिसली की तो सुरांनी भरून काढायचा. आता ती रिकामी सोडतो आणि मग अनपेक्षित सुरावर उतरतो.

तो गेल्यावर लोकांनी जपला तो मात्र तीसच्या दशकातला जँगो. त्याचा मुलगा बाबिक वडील गेले तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. तोही गिटारिस्टच झाला, पण आधुनिक, इलेक्ट्रिक जॅझचा. अल्सासमधल्या जिप्सी कुटुंबातल्या बिरेली लाग्रेनने लहान वयात १९८० साली पहिला अल्बम काढला, तो अर्थात जँगोच्या वाटेवरचा. पुढे फ्यूजनकडे वळून तो जाको पास्तोरियसबरोबर वाजवू लागला. ‘जिप्सी’ म्हटलं की वाजवणाऱ्याने कसं वाजवायचं, हे ऐकणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

फ्रेंचमध्ये या संगीताला ‘जॅझ मानुश’ म्हणतात. मानुश हे जँगोच्या जमातीचं नाव, आणि रोमानी भाषेत त्याचा अर्थ माणूस. त्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. त्यांच्याकडे अजूनही पाण्याला पानी आणि कानाला कानच म्हणतात.

मी नंदुरबारचा. आमच्याकडे सरकारी महोत्सवात आदिवासी पोरं ढोल नि पावरी घेऊन, मोरपिसं लावून स्टेजवर येतात आणि पाहुणे ‘अस्सल’ म्हणून टाळ्या वाजवतात. तीच पोरं लग्नात कीबोर्डवर टिमली वाजवतात तेव्हा शहरातून आलेल्यांची तोंडं वाकडी होतात. माझी नाही होत. ज्याची परंपरा, त्याला ती फोर्क करायचा हक्क नको का?

मुंबईत याच गोष्टीची उलटी बाजू दिसते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी ताजमध्ये आपला बँड घेऊन आला आणि तिथून शहराला जॅझची चटक लागली. वाजवणारे बरेचसे गोव्याचे, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले. रात्री हॉटेलात, दिवसा फिल्म स्टुडिओत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) जो स्विंग आहे, त्यामागे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, आणि त्याची मंडळी. बीबॉपला मात्र इथे पोट भरण्याइतकं गिऱ्हाईक नव्हतं. त्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. बारशिवाय जॅझ क्लब चालवायचा कसा?

अशा शहरात १९३६ साली गोवेकर कुटुंबात अमान्सिओ डि’सिल्व्हा जन्मला. अमेरिकन जॅझ गिटारिस्ट ऐकत तो घडला आणि १९६७ साली लंडनला गेला. तेव्हा बीटल्समुळे तिथे सतारीचं वेड होतं. भारतीय म्हणजे सतार, असं समीकरण. अमान्सिओने गिटार सोडली नाही. १९६९ साली त्याचा ‘इंटिग्रेशन’ आला आणि त्याच वर्षी जमैकाहून आलेल्या सॅक्सोफोनवाल्या जो हॅरियटबरोबर ‘हम दोनो’. त्यात ‘बॅलड फॉर गोवा’ आहे. खाली आधुनिक जॅझची कॉर्डरचना, वर गिटारवर ओढलेल्या मींडा. हा ‘भारतीय’ प्रयोग म्हणून खपवणं सोपं होतं. पण गोवेकर ख्रिस्ती घरातल्या पोराला जॅझ परका नसतो. माझ्या मते परका असेल तर रागच. जँगो आपल्या म्हणवल्या गेलेल्या बाजातून बीबॉपकडे गेला. अमान्सिओ जॅझमधून निघाला आणि लंडनला पोचल्यावर गोव्याकडे वळला.

१९९६ साली तो वारला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्येच केलेलं त्याचं एक रेकॉर्डिंग तसंच पडून होतं. ते अल्बम म्हणून त्याच्या मृत्यूनंतर निघालं. नाव ‘कोंकण डान्स’.