सेरेब्रल पाल्सी आणि महिलांची थाळीफेक : एका वर्गवारीची कुळकथा

सेरेब्रल पाल्सी असलेल्या स्त्रियांची थाळीफेक आज पॅरालिम्पिक स्पर्धांमध्ये स्थिरावली असली, तरी तिचे मूळ शोधू गेल्यास ते मैदानापेक्षा वैद्यकाच्या इतिहासात अधिक खोल गेलेले आढळते. थाळी मैदानातूनच आली, यात शंका नाही. प्राचीन ग्रीसमधील पाच प्रकारांच्या एकत्रित स्पर्धेत ती पुरुष फेकत असत, १८९६ मध्ये अथेन्स येथे आधुनिक ऑलिम्पिकबरोबर ती पुन्हा अवतरली तीही पुरुषांपुरतीच, आणि स्त्रियांना १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकपर्यंत थांबावे लागले. तेथे पोलंडच्या हालिना कोनोपात्स्का हिने ३९.६२ मीटर अंतरासह सुवर्णपदक जिंकले. एक किलो वजनाची थाळी आणि अडीच मीटर व्यासाचे वर्तुळ ही साधने अशी आयतीच मिळाली. कोणाची फेक कोणाच्या फेकीशी तोलावी, हे ठरवण्याचे साधन मात्र नव्याने घडवावे लागले, आणि या क्रीडाप्रकाराची खरी कुळकथा त्या साधनाचीच आहे.

इंग्रज शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल याने १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्रविषयक संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात अवघड किंवा अकाली प्रसूती आणि मुलांच्या अवयवांतील ताठरपणा यांचा संबंध मांडला, त्यामुळे ही अवस्था दीर्घकाळ ‘लिटलचा आजार’ म्हणूनच ओळखली गेली. लिटलचा स्वतःचा एक पाय बालपणापासून वाकडा होता व जर्मनीत शस्त्रक्रिया करून घेतल्यानंतर तो या विषयाकडे वळला, ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांना नेहमीच महत्त्वाची वाटली आहे. १८८९ मध्ये कॅनेडियन वैद्य विल्यम ऑस्लर याने आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘सेरेब्रल पाल्सी’ ही संज्ञा योजली. तिचा अर्थ असा की, वाढीच्या वयातील मेंदूला जन्मापूर्वी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही, परंतु हालचाल आणि शरीराचा तोल यांवरील नियंत्रण कायमचे बिघडते.

पॅरालिम्पिक चळवळीचा आरंभ मात्र या रुग्णांपासून झाला नाही. डॉक्टर लुडविग गुटमन याने १९४८ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात स्पर्धा भरवली ती मज्जारज्जूला दुखापत झालेल्यांसाठी, आणि तेथील वर्गवारीही दुखापत पाठीच्या कण्यात किती उंचीवर आहे यावर आधारलेली होती. मेंदूच्या इजेला अशी मोजता येणारी उंची नसते. एकाच निदानाच्या दोन स्त्रियांपैकी एक आधाराशिवाय धावते, तर दुसरीला खुर्चीत सरळ बसणेही कठीण जाते. म्हणून रोगनिदानाऐवजी प्रत्यक्ष कार्यक्षमता पाहणारी वेगळी पद्धत हवी होती. १९७८ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या क्रीडापटूंसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, १९८० मध्ये नेदरलँड्समधील आर्नहेम येथे हे क्रीडापटू प्रथम पॅरालिम्पिकमध्ये उतरले, आणि त्यांच्यासाठी आखलेले आठ वर्ग पुढे अ‍ॅथलेटिक्समधील फेकीच्या प्रकारांत एफ-३१ ते एफ-३८ या क्रमांकांनी रूढ झाले. यांपैकी पहिले चार वर्ग जमिनीला घट्ट बांधलेल्या बैठकीवरून फेकणाऱ्यांचे असून तिची उंची पंच्याहत्तर सेंटिमीटरहून अधिक असता कामा नये. उरलेले चार वर्ग उभ्याने फेकणाऱ्यांचे आहेत.

या आजाराचा थाळीफेकीशी असलेला विरोध लक्षात घेतल्याशिवाय या वर्गांमागील विचार उलगडत नाही. स्नायूंचा ताठरपणा हा स्थिर अडथळा नसून स्नायू जितक्या वेगाने ताणला जाईल तितका तो अधिक प्रतिकार करतो, आणि थाळी दूर जाते ती नेमकी वेगामुळेच. म्हणजे फेकणारी जितका जोर एकवटते, तितके तिचे शरीर तिला मागे खेचते. अनैच्छिक वळवळ किंवा तोल व समन्वयाचा अभाव हे ज्यांचे मुख्य लक्षण असते, त्या एफ-३६ वर्गातील स्त्रियांपुढे अडचण वेगळी असते, कारण थाळी बोटांतून सुटण्याचा क्षण किंचित चुकला तरी ती सुमारे पस्तीस अंशांच्या पट्ट्याबाहेर पडून फेक बाद ठरते. शरीराची एक बाजू बाधित असलेल्या एफ-३७ वर्गाकडे पाहणाऱ्याला वाटते की निरोगी हाताने फेकले म्हणजे झाले. वस्तुतः उजवी बाजू दुर्बळ असलेली स्त्री डाव्या हाताने थाळी धरते, तेव्हा गिरकीची सुरुवातही उजव्या पायावर होते आणि अखेरीस शरीर रोखून धरण्याचे कामही त्याच पायाकडे येते. चांगल्या हाताचा सारा भार दुर्बळ पायावर पडतो. पूर्ण गिरकी सोडून उभ्या जागेवरून किंवा अर्ध्या वळणाने फेकण्याची पद्धत का निवडली जाते, याचे कारण यात आहे.

वर्ग सूक्ष्म केले की प्रत्येक वर्गातील स्पर्धक कमी होतात, म्हणून आयोजकांनी अनेकदा दोन-तीन वर्ग एकत्र करून गुणांचे कोष्टक लावले, ज्यात कमी अंतराची फेकही वर्गानुसार सरस ठरू शके. या कोष्टकांवर प्रेक्षकांचा विश्वास कधीच पुरता बसला नाही, आणि तो का बसावा, असेही म्हणता येईल. एकाच वर्गाची स्पर्धा असली की मात्र कोष्टकाची गरज उरत नाही: २०२४ मध्ये पॅरिस येथे दक्षिण आफ्रिकेच्या सिमोन क्रूगर हिने एफ-३८ या सर्वांत सौम्य बाधेच्या वर्गात ३८.७० मीटर फेकून सुवर्णपदक मिळवले.

हे वर्ग एका रोगाचे राखीव क्षेत्र नव्हेत, हे मराठी वाचकाला जवळच्या उदाहरणावरून समजते. पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिल याच्याबरोबर भारताचा ध्वज वाहणारी नांदेडची भाग्यश्री जाधव ही गोळाफेकपटू एफ-३४ वर्गात खेळते, आणि त्या वर्गात प्रवेश मिळतो तो हालचालींतील समान मर्यादांमुळे. निदान सेरेब्रल पाल्सीचेच असावे, अशी अट तेथे नाही. महाराष्ट्रात या निदानाभोवतीचे संघटित कार्य क्रीडेतून नव्हे, तर शिक्षणातून आले. त्याची सुरुवात म्हणून शिक्षणतज्ज्ञ मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली.

कार्यक्षमता पाहणाऱ्या पद्धतीची दुखरी बाजू २००८ मध्ये बीजिंग येथे उघड झाली. एफ-३७ आणि एफ-३८ या एकत्रित गटाच्या थाळीफेकीत रौप्यपदक मिळवलेल्या ब्रिटिश तरुणीला नंतर या वर्गांसाठी अपात्र ठरवून तिचे पदक काढून घेण्यात आले. निर्णय कठोर वाटतो, पण तो पद्धतीच्या स्वभावातच आहे: शारीरिक तपासणी आणि तंत्राची चाचणी झाल्यावरही परीक्षक स्पर्धेतील पहिली कामगिरी पाहतात, कारण ताठरपणा तपासणीच्या पलंगावर एक रूप दाखवतो आणि वर्तुळात, थाळी हातात असताना, दुसरे.