संगीत नाटकांचे पुनरागमन : भूमिका कोणाची, गळा कोणाचा?

मारतहळ्ळी (बंगळूर) – बंगळूरच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी व लगतच्या वसाहतींत माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यांतील तरुण पिढीला संगीत नाटक प्रथम भेटते ते बहुधा ध्वनिमुद्रणातून. शहरात जे. पी. नगर येथे २००४ मध्ये 'रंगशंकर' आणि वर्तूर रस्त्यावर २०११ मध्ये 'जागृती' ही नाट्यगृहे सुरू झाली. तथापि 'सौभद्र' किंवा 'मानापमान' प्रत्यक्ष पाहण्याचा योग महाराष्ट्राबाहेर वारंवार येत नाही. साहजिकच प्रयोगाला आलेला रसिक कानात एक ठरावीक आवाज घेऊनच आसनावर बसतो. जुन्या संगीत नाटकात रूढीबाहेरच्या कलावंताला भूमिका देण्यात आली की जो वाद उद्भवतो, त्याचे मूळ पुष्कळदा या कानात असते.

रूढी म्हणजे तरी काय? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला, तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषांनीच करावयाच्या हे गृहीत होते. १८८२ मधील 'सौभद्र'ची सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांनी गाजविली. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेल्या नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्वांनी १९११ मध्ये 'मानापमान'ची भामिनी आणि १९१६ मध्ये 'स्वयंवर'ची रुक्मिणी अशी काही उभी केली की, त्यांच्या नेसण्याचे व केशरचनेचे अनुकरण घरोघरच्या स्त्रिया करू लागल्या. त्या प्रेक्षकांच्या दृष्टीने पुरुषाने साकारलेली रुक्मिणी हीच खरी रुक्मिणी होती. अपवाद ठरली ती रंगमंचावर आलेली स्त्री.

स्त्रियांचे प्रयत्न मात्र फार पूर्वीच सुरू झाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेळगावकर स्त्री-संगीत मंडळीत पुरुषपात्रेही स्त्रियाच रंगवीत. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांसह नाट्यसंस्था उभी करून जुनी संगीत नाटके स्त्री-पुरुष कलावंतांच्या एकत्र संचात सादर केली. हिराबाईंच्या गायनाचा लौकिक जाहीर मैफलींमुळे आधीच पसरलेला असल्याने त्यांची सुभद्रा रसिकांनी आदराने स्वीकारली. पुढे ही संस्था बंद पडली. बोलपटांची लाट तेव्हा सर्वच नाटक मंडळ्यांच्या मुळावर आली होती.

गोहरबाईंची कसोटी

या इतिहासातील सर्वांत कटू प्रकरण गोहरबाई कर्नाटकी यांचे. आजच्या बागलकोट जिल्ह्यातील बिळगीच्या कुटुंबात जन्मलेल्या, कन्नड मुलखातल्या या मुस्लिम गायिकेने बालगंधर्वांची गायकी आत्मसात केली होती. प्रख्यात पार्श्वगायिका अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या भगिनी. १९३७-३८ च्या सुमारास त्या बालगंधर्वांच्या मंडळीत आल्या आणि ज्या भूमिकांवर बालगंधर्वांचे नाव जणू कोरले गेले होते, त्या नायिकांच्या भूमिका त्यांच्याकडे आल्या. पन्नाशीला पोहोचलेले बालगंधर्व पुरुष भूमिकांकडे वळले.

प्रेक्षकांना हे रुचले नाही. पुरुषवेषातील बालगंधर्व त्यांना पाहवेनात. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. वस्तुतः प्रेक्षकांसमोर एकाच वेळी दोन बदल आले होते : नायिकेच्या जागी नवी कलावती आणि नायकाच्या जागी उतारवयातील नट. नाराजीचा सारा भार मात्र गोहरबाईंच्या माथी मारण्यात आला. त्यांच्या धर्माची, कुळाची आणि बालगंधर्वांशी असलेल्या संबंधांची चर्चा त्यांच्या गाण्यापेक्षा अधिक झाली. बालगंधर्वांचे निकटवर्तीयही दुरावले. दोघांनी १९५१ मध्ये विवाह केला. गोहरबाईंचे निधन १९६४ मध्ये आणि बालगंधर्वांचे १५ जुलै १९६७ रोजी झाले. गोहरबाईंच्या उपलब्ध ध्वनिमुद्रिका ऐकल्या असता त्या काळच्या टीकेचे कारण त्यांचा गळा असावा, असे म्हणवत नाही.

बालगंधर्वांच्या निधनाच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९६७ रोजी, पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. त्यात झरीनाची भूमिका सोलापूरच्या फैयाज यांनी केली व त्यांना रसिकांची भरभरून दाद मिळाली. अर्थात झरीना ही मुस्लिम घरातली नायिका; रुक्मिणीच्या वाट्याला येणारी परीक्षा तिला द्यावी लागली नाही. फैयाज २०१५ मध्ये बेळगाव येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या.

'कट्यार'मधील खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, हे समीकरण इतके घट्ट होते की २०१० मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्या भूमिकेत नातू राहुल देशपांडे आल्याने अर्धी लढाई तेथेच जिंकली गेली. २०१५ च्या चित्रपटात मात्र खरे धाडस करण्यात आले. पंडितजींच्या भूमिकेसाठी तमिळ कुटुंबातील, पूर्वी अभिनयाचा अनुभव नसलेले गायक शंकर महादेवन यांची निवड झाली. ते स्वतः गायले आणि प्रेक्षकांनी त्यांना आपले मानले. खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगांवकर होते. गळा मात्र राहुल देशपांडे यांचाच ठेवण्यात आला. त्याआधी २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात सुबोध भावे यांनी बालगंधर्व व त्यांच्या स्त्रीभूमिका साकारल्या, आणि गायनासाठी आनंद भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पुरुषाने नेसलेला शालू एव्हाना नवलाचा विषय झाला होता. शंभर वर्षांपूर्वी ती नित्याची बाब होती.

परदेशांतही असे वाद झडले आहेत. न्यूयॉर्कमध्ये 'हॅलो, डॉली!' हे संगीत नाटक १९६७ मध्ये पर्ल बेली यांच्यासह संपूर्ण कृष्णवर्णीय संचात सादर झाले. १९९४ मध्ये 'कॅरोसेल'च्या पुनरुज्जीवनात ऑड्रा मॅक्डॉनल्ड या कृष्णवर्णीय गायिकेने कॅरी ही भूमिका करून टोनी पुरस्कार मिळविला. लंडनमध्ये २०१८ साली 'कंपनी'तील मूळ नायकाची नायिका करण्यात आली. तिकडे प्रश्न मुख्यतः वर्णाचा. आपल्याकडे तो लिंग, धर्म आणि घराणे यांच्याभोवती फिरतो.

बंगळूरकरांना यासाठी दूर पाहण्याचे कारण नाही. कन्नड कंपनी नाटकांत वाढलेल्या आर. नागरत्नम्मा यांनी १९५८ मध्ये याच शहरात 'स्त्री नाटक मंडळी' स्थापन केली. तीत सर्व भूमिका स्त्रियाच करीत. नागरत्नम्मांनी स्वतःकडे सुंदर नायिका नव्हे, तर कंस, रावण, दुर्योधन असे गर्जणारे पुरुष घेतले. 'कृष्णलीला'तील त्यांचा कंस पाहण्यासाठी कर्नाटकातील गावोगावचे प्रेक्षक तिकीट काढून येत. १९९२ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला, तर २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले.