आज्ञार्थातील कथा : एका उपेक्षित वाङ्मयप्रकाराचा इतिहास

कथा वाचली जाते, ऐकली जाते, रंगमंचावर पाहिली जाते. परंतु आज्ञा दिल्यावाचून पुढे सरकत नाही अशीही एक कथा गेली पन्नास वर्षे लिहिली जात आहे. इंग्रजीत तिला इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात. येथे आपण तिला 'संवादी कथा' म्हणू. संगणकाच्या पडद्यावर एका स्थळाचे चार ओळींचे वर्णन येते. खाली वाचकासाठी कोरी ओळ असते. वाचक तेथे 'दार उघड' अशा आशयाची आज्ञा टंकतो, ती आज्ञा कार्यक्रमातील पार्सर नावाचा भाग उलगडतो आणि उत्तरादाखल गद्याचा पुढचा परिच्छेद येतो. चित्र नाही, ध्वनी नाही. जे काही घडते ते भाषेतच घडते. तरीही या प्रकाराची गणना बहुधा खेळांमध्ये होते. हे असे का झाले आणि ते कितपत योग्य आहे, हे पाहण्यासाठी त्याचा इतिहास तपासणे आवश्यक आहे.

या प्रकाराची आदिसंहिता म्हणजे विल क्राउदर यांनी १९७५-७६च्या सुमारास फोरट्रान भाषेत लिहिलेली 'अ‍ॅडव्हेंचर'. क्राउदर हे व्यवसायाने संगणकतज्ज्ञ आणि छंदाने गुहाशोधक. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह परिसरातील भुयारांचे नकाशे तयार करण्यात त्यांचा आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांचा सहभाग होता. पुढे ते विभक्त झाले, आणि आपल्या मुलींना खेळता यावे म्हणून क्राउदर यांनी ती गुहा शब्दांत उतरवली. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांनी या संहितेत मोठी भर घातली आणि ही विस्तारित आवृत्ती सर्वत्र पसरली. क्राउदर यांची मूळ संहिता मात्र दीर्घकाळ हरवली असे मानले जात होते. डेनिस जेर्झ या इंग्रजीच्या प्राध्यापकाने ती जुन्या साठ्यातून मिळवली, प्रत्यक्ष गुहेत उतरून वर्णने पडताळली आणि २००७ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. हस्तलिखितांच्या प्रती लावून मूळ पाठ ठरवणाऱ्या पाठचिकित्सकाचेच हे काम होते. त्यातून दिसले ते असे की, क्राउदर यांच्या गुहेचा बराचसा भाग खऱ्या गुहेशी जुळतो. अद्भुताचा बराच विस्तार नंतरचा आहे. म्हणजे या परंपरेचा आरंभ कल्पितापेक्षा स्थलवर्णनात आहे.

'अ‍ॅडव्हेंचर'ने भारावलेल्या एमआयटीतील काही तरुणांनी 'झॉर्क' रचले आणि १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी स्थापन झाली. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात तिचा मोठा दबदबा होता. स्टीव्ह मेरेट्झ्की यांच्या 'प्लॅनेटफॉल' (१९८३) मधील फ्लॉइड या यंत्रमानवाचा मृत्यू अनेक खेळाडूंच्या कायमचा लक्षात राहिला. त्यांच्याच 'अ माइंड फॉरएव्हर व्हॉयेजिंग'ने (१९८५) एका अमेरिकन शहराचे राजकीय अधःपतन दाखवले, तर ब्रायन मोरियार्टी यांच्या 'ट्रिनिटी'चा (१९८६) विषय अणुबाँब हा होता. साहित्यिक आकांक्षा होती, यात शंका नाही. पण एक व्यावहारिक अडचणही होती. खोक्यात भरून चांगल्या किमतीला विकली जाणारी कथा एका संध्याकाळी संपून चालत नसे. ती कित्येक आठवडे पुरावी लागे. तो काळ भरून काढण्याचे साधन म्हणजे कोडी. कुलूपबंद दारे, चक्रव्यूह, विझत जाणारे दिवे. परिणामी गद्य हे कोड्याचे आवरण झाले. पुढे चित्रमय खेळांनी बाजार व्यापला. १९८६ मध्ये इन्फोकॉम अ‍ॅक्टिव्हिजनकडे गेली आणि १९८९ मध्ये तिचे काम थांबले.

व्यापार संपला तेथे इतिहास संपायला हवा होता. प्रत्यक्षात खरा वाङ्मयीन कालखंड तेथूनच सुरू झाला. इन्फोकॉमने आपल्या कथा झेड-मशीन नावाच्या काल्पनिक यंत्रासाठी लिहिल्या होत्या. कोणत्याही खऱ्या संगणकावर त्या यंत्राची नक्कल उभारली की कथा चालत असे. हौशी अभ्यासकांनी या यंत्राची रचना उकलली. १९९३ मध्ये ग्रॅहॅम नेल्सन या ब्रिटिश गणितज्ञाने 'इन्फॉर्म' ही लेखनप्रणाली विनामूल्य उपलब्ध करून दिली. एका मृत कंपनीची लिपी अशा रीतीने सर्वांची झाली. या कथांचे सामाईक संग्रहालय १९९२ मध्येच सुरू झाले होते. १९९५ पासून वार्षिक स्पर्धाही भरू लागली आणि तिने एक साधा नियम घातला : परीक्षकाने कोणत्याही कृतीला दोन तासांपेक्षा अधिक वेळ न देता गुण द्यायचे.

हा नियम केवळ सोयीसाठी होता, पण त्याचे परिणाम दूरगामी ठरले. दोन तासांत कोड्यांची लांबण परवडत नाही. शिवाय विकायचेच नसल्याने लांबीची गरजही उरली नाही. आकार घटला तसे लेखकाचे लक्ष 'वाचकाला किती काळ अडवावे' येथून 'वाचकाकडून काय करवून घ्यावे' येथे वळले. एका बैठकीत संपणाऱ्या कथेला परिणामाची जी एकाग्रता साधता येते, ती या प्रकारालाही साधू लागली.

१९९८च्या स्पर्धेत पहिली आलेली अ‍ॅडम केडर यांची 'फोटोपिया' हे याचे उत्तम उदाहरण. तीत कोडी जवळजवळ नाहीत. अ‍ॅली नावाच्या मुलीचे आयुष्य कालक्रम मोडून, वेगवेगळ्या व्यक्तींच्या नजरेतून उलगडते. मधूनमधून एक अद्भुत अंतराळकथा येते. ती अ‍ॅली एका लहान मुलीला सांगत असलेली गोष्ट आहे, हे नंतर कळते. म्हणजे आपण टंकलेल्या आज्ञा या त्या लहानगीने गोष्ट ऐकताना मध्येच केलेल्या सूचना ठरतात. एका प्रसंगी वाचक अ‍ॅलीचा पिता असतो आणि बुडालेल्या मुलीला वाचवतो. दुसऱ्या प्रसंगी मोटार अपघात होतो आणि कोणतीही आज्ञा तिला वाचवू शकत नाही. 'हा खेळच नव्हे, येथे करण्याजोगे काही नाही,' असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. पण ही असहायता हाच या कृतीचा आशय आहे. मुद्रित कथेत आपण मृत्यू वाचतो. येथे आधी आपल्या हातून एक जीव वाचलेला असतो, म्हणून दुसऱ्या वेळचे अपयश आपले वाटते.

यानंतरच्या दोन वर्षांत आज्ञेचे स्वरूपच तपासणाऱ्या कृती लागोपाठ आल्या. सॅम बार्लो यांच्या 'आइल'मध्ये (१९९९) दुकानात उभ्या असलेल्या एका पुरुषासाठी वाचकाला एकच आज्ञा देता येते. तीनंतर कथा संपते. निरनिराळ्या आज्ञांतून शंभराहून अधिक शेवट निघतात आणि ते परस्परांशी जुळतातच असे नाही. केडर यांच्या '९:०५' मध्ये (२०००) झोपेतून उठून घाईने कामावर जायचे असते. घर आपलेच, असे वाचक गृहीत धरतो. शेवटी कळते की आपण त्या घरात शिरलेले चोर आहोत आणि घराचा मालक पलंगाखाली मृत पडला आहे. लेखक येथे खोटे बोललेला नाही, फसवले ते द्वितीय पुरुषाने. स्टीफन बाँड यांच्या 'रामसेस'मध्ये (२०००) नायक एक बुजरा विद्यार्थी आहे. वाचक त्याला धीट वागायला सांगतो आणि तो काही ना काही सबब सांगून टाळतो. आज्ञा कळते, पण पाळली जात नाही. स्वभाव वर्णनातून नव्हे, नकारातून उभा राहतो.

मराठी वाचकाला येथे व्याकरणाचा एक प्रश्न पडायला हवा. इंग्रजीतील द्वितीय पुरुष लिंग आणि आदर ही दोन्ही झाकून ठेवतो. नेल्सन यांनी 'जिगसॉ' (१९९५) या कृतीत नायक व प्रतिनायक यांचे लिंग अखेरपर्यंत उघड केले नाही. मराठीत हे कसे करावे? 'तू दार उघडतोस' म्हटले की वाचक पुरुष झाला, 'उघडतेस' म्हटले की स्त्री. 'तुम्ही उघडता' यात लिंग लपते, पण जवळीक जाते. भूतकाळात 'तू दार उघडलेस' हे दाराशी जुळत असल्याने चालते. पण लगेच 'तू आत गेलास' की 'गेलीस' हा पेच उभा राहतोच. निखळ आज्ञार्थ मात्र, 'उघड', 'जा', 'थांब', लिंगनिरपेक्ष आहे. म्हणजे मराठीत वाचकाची ओळ मोकळी राहील आणि लेखकाच्या ओळीला मात्र प्रत्येक वेळी वाचक कोण हे ठरवावे लागेल. ही उणीव नाही. '९:०५'सारख्या कृतीत जे शेवटी उघड होते, त्याचा काही अंश मराठी क्रियापद पहिल्याच ओळीत सांगून टाकते. मराठी लेखकाला लपवण्याच्या वेगळ्या जागा शोधाव्या लागतील.

याच सुमारास चित्रमय खेळांतही लघुरूपाची ओढ दिसू लागली. जेसन रोरर यांचा 'पॅसेज' (२००७) अवघ्या पाच मिनिटांचा आहे. पडद्यावर एक अरुंद पट्टी, तीतून चालणारी एक व्यक्ती. आरंभी भेटणाऱ्या सहचरीला सोबत घेतले तर काही चिंचोळ्या वाटा कायमच्या बंद होतात. चालता चालता दोघे म्हातारी होतात आणि मरतात. एक शब्दही न वापरता येथे निवडीचे मोल सांगितले जाते. २०१२ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हा खेळ आपल्या संग्रहात घेतला. २००९ मध्ये क्रिस क्लिमस यांनी 'ट्वाइन' हे साधन आणले. त्यात टंकण्याऐवजी दुव्यांवर टिचकी मारून कथा पुढे जाते. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांनाही लिहिता येऊ लागले आणि पॉर्पेन्टाइन यांच्या 'हाउलिंग डॉग्ज'सारख्या (२०१२) कृतींमधून आजवर परिघावर असलेले अनुभव या प्रकारात आले. लाभ मोठा होता, किंमतही होती. दुवा आपल्याला शक्यता दाखवून ठेवतो, तर कोरी ओळ वाचकाला स्वतः शब्द शोधायला लावते.

आता या कृती टिकतील का, हा प्रश्न उरतो. २००० नंतरच्या असंख्य छोट्या खेळांचा आधार असलेल्या फ्लॅशला अ‍ॅडोबीने २०२०च्या अखेरीस मूठमाती दिली आणि ते खेळ वाचवण्यासाठी स्वयंसेवकांना धावपळ करावी लागली. याउलट १९८०च्या दशकातील झेड-मशीनवरील कथा आजही चालतात, कारण त्या यंत्राची रचना जाणणारे आणि ती पुन्हा उभारणारे वाचक आहेत. ग्रंथ टिकतो तो कागदामुळे कमी आणि त्याची प्रत करणाऱ्यांमुळे अधिक, हे आपल्याला पोथ्यांच्या इतिहासावरून ठाऊक आहे.

'हे साहित्य आहे की खेळ?' हा प्रश्न म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. नाटकही संहिता म्हणून वाचले जाते आणि प्रयोग म्हणून पाहिले जाते. त्यामुळे त्याचे साहित्यपण उणावत नाही. विचारण्यासारखा प्रश्न निराळा आहे. कथेतील कृत्याची जबाबदारी आजवर पात्राची आणि फार तर लेखकाची होती. वाचकाने स्वतः आज्ञा टंकल्यावर तिचा काही वाटा त्याच्याकडे येतो. समीक्षेच्या जुन्या परिभाषेत या वाट्याला नाव नाही. ते शोधायचे तर आधी या छोट्या कथा वाचाव्या लागतील. त्यांतील बहुतेक एका संध्याकाळीच संपतात.