दैवाची पानं आणि हातातली तलवार

पत्त्यांचा डाव म्हटला की नशीब आलंच. हातात कुठली पानं येतील ते पिसणाऱ्यालाही माहीत नसतं. उलट व्हिडिओ गेममधल्या मारामारीत नशिबाला फारसं कुणी विचारत नाही, तिथे बोटं चालली पाहिजेत! मग ह्या दोन्ही गोष्टी एकाच गेममध्ये घातल्या तर? तसा एक गेम २०१५ साली आला, 'हँड ऑफ फेट'. समीक्षकांना तो आवडला, पण अर्धाच. त्या अर्ध्या आवडीचं पुढे काय झालं, त्याची ही गोष्ट. गेम न खेळणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण ही गोष्ट रिव्ह्यू कॉमेंट्स क्लोज करण्याचीही आहे, आणि ते काम आपण सगळेच सोमवार ते शुक्रवार करतो :)

आधी थोडा मागचा इतिहास. आपला कॅट आपणच बांधायचा, म्हणजे डेक-बिल्डिंग, ही कल्पना जगभर पोचवली ती रिचर्ड गारफिल्ड ह्या गणितज्ञाच्या 'मॅजिक: द गॅदरिंग' ह्या १९९३ सालच्या पत्त्यांच्या खेळाने. पुढे २००८ मध्ये 'डोमिनियन' आला, त्यात तर खेळता खेळताच कॅट बांधायचा, तोच खेळ. व्हिडिओ गेमवाल्यांनी पत्ते आणि मारामारी ह्यांचं लग्न लावायचे प्रयत्न मधल्या काळातच सुरू केले होते. २००२ मध्ये गेमक्यूबवर 'लॉस्ट किंग्डम्स' आला. त्यात पान फेकलं की त्यातून प्राणी बाहेर येऊन लढायचा. २००४ मध्ये गेमबॉय ॲडव्हान्सवर 'किंग्डम हार्ट्स: चेन ऑफ मेमरीज' आला. तिथे तलवारीचा प्रत्येक वार म्हणजे एक आकडेवालं पान, आणि समोरच्याचा आकडा मोठा असला की तुमचा वार तुटलाच. समीक्षकांनी चित्रांचं कौतुक केलं, पण लढाईच्या ह्या पद्धतीवर सरळ दोन तट पडले. कुणाला ती हुशार वाटली, कुणाला डोकेदुखी. समोर शत्रू धावून येतोय, आणि तुम्ही पानं चाळताय!

'हँड ऑफ फेट' बनवणारी डिफायंट डेव्हलपमेंट ही कंपनी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची. ह्या शहराची त्या काळातली अवस्था माहीत असायला हवी. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकन कंपन्यांनी आपलं काम तिथून काढून घ्यायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियन डॉलर वधारला, त्यामुळे तिथे काम करून घेणं आणखी महाग पडायला लागलं (आउटसोर्सिंगचं हे गणित आपल्याला वेगळं सांगायला नको). २००९ मध्ये पँडेमिकचा ब्रिस्बेन स्टुडिओ गेला, २०१० मध्ये क्रोम कोसळली, २०११ मध्ये टीएचक्यूने आपला स्टुडिओ बंद केला. मोठी झाडं पडल्यावर खाली ऊन पोचतं आणि छोटी रोपं उगवतात, तशी डिफायंट २०१० मध्ये उगवली. आधी मोबाइलवरचे गेम केले. मग २०१३ च्या शेवटी किकस्टार्टरवर लोकांकडे ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले, आणि त्याहून थोडेच जास्त मिळाले. एवढ्याशा भांडवलाच्या जोरावर हा उद्योग सुरू झाला.

आता गेम कसा आहे ते सांगतो. अंधाऱ्या खोलीत एक टेबल. पलीकडे तोंड झाकलेला पत्तेवाला, म्हणजे डीलर. साहसांची आणि शस्त्रांची पानं निवडून तुम्ही आपला कॅट बांधायचा. तो त्यात स्वतःची पानं मिसळतो, आणि टेबलावर पालथी मांडतो. हाच नकाशा. तुमची सोंगटी एकेका पानावर जाते, प्रत्येक पावलाला शिधा खर्च होतो, आणि शिधा संपला की जीव कमी व्हायला लागतो. पान उलटलं की प्रसंग. मदत मागणारा वाटसरू, शापित मंदिर, चोरांची टोळी. काही ठिकाणी चार पानं तुमच्यासमोर पिसली जातात, मोठं यश, यश, अपयश आणि मोठं अपयश, आणि त्यातलं एक उचलायचं. आणि लढाईचं पान निघालं की... टेबलावरची पानं उडतात, तुमच्या अंगावर चिलखत आणि हातात तलवार होऊन बसतात, आणि तुम्ही खरोखर रणांगणात उभे! गुलाम, राणी, राजा हे इथे नुसती चित्रं नसतात, ते तुम्हाला मारायला येतात.

१७ फेब्रुवारी २०१५ ला गेम पूर्ण स्वरूपात बाहेर पडला. परीक्षणं बहुतांशी चांगली आली. कल्पनेचं कौतुक झालं, वातावरणाचं झालं आणि सगळ्यात जास्त झालं ते डीलरचं. अँथनी स्कोर्डी ह्या नटाचा आवाज त्याला आहे. तो टोमणे मारतो, मागच्या डावाची आठवण काढतो, तुम्ही हरायला लागलात की सुखावतो. पण जवळजवळ प्रत्येक कौतुकानंतर एक 'पण' होता, आणि तो पण म्हणजे लढाई. शत्रूच्या डोक्यावर हिरवी खूण दिसली की वार उलटवायचा, लाल दिसली की बाजूला उडी मारायची. २००९ च्या 'बॅटमॅन: अर्कम असायलम'ने लोकप्रिय केलेली ही पद्धत. ज्यांनी बॅटमॅन खेळला होता त्यांना ही तिची गरीब आवृत्ती वाटली. तेच तेच शत्रू, तेच तेच आखाडे, मध्येच दगा देणारा कॅमेरा. एकूण निकाल साधारण असा होता: टेबल उत्तम, तलवार ठीकठाक.

डिफायंटने मग काय केलं? कुठलीही शहाणी टीम करेल तेच. कॉमेंट्सची यादी घेतली आणि एकेक क्लोज करत गेले. ७ नोव्हेंबर २०१७ ला 'हँड ऑफ फेट २' आला. त्यात शस्त्रांचे प्रकार वाढले, हलकं, जड आणि दोन हातांत दोन. सोबतीला साथीदार आले. चार पानांच्या जोडीला फासे आले, फिरतं चाक आलं, लंबक आला. टॅरोमधल्या २२ मोठ्या पानांवर बेतलेली २२ आव्हानं आली, प्रत्येकाचे नियम वेगळे, त्यामुळे 'तेच तेच' ही तक्रार बरीचशी निकालात निघाली. समीक्षकांनीही ते मान्य केलं. पहिल्यापेक्षा सर्व बाजूंनी सरस, असं बहुतेकांचं मत पडलं. लढाईबद्दलची कुरकुर पूर्ण थांबली नाही, पण तिचा आवाज बराच खाली आला.

म्हणजे टेस्ट रिपोर्ट जवळपास हिरवागार. आणि तरीही जुलै २०१९ मध्ये डिफायंटने जाहीर केलं की आपण नवीन गेम बनवणं थांबवतोय. बाजार ज्या वेगाने बदलतोय त्या वेगाने आपल्याला बदलता आलं नाही, असा त्यांच्या निवेदनाचा सूर होता. 'अ वर्ल्ड इन माय ॲटिक' नावाचा त्यांचा पुढचा गेम अर्धवटच राहिला.

आता गंमत बघा. ज्या नोव्हेंबर २०१७ मध्ये 'हँड ऑफ फेट २' आला, त्याच महिन्यात 'स्ले द स्पायर' नावाचा एक गेम अर्ली ॲक्सेसमध्ये दाखल झाला. दोन मित्रांच्या मेगा क्रिट ह्या कंपनीचा. त्यातही कॅट बांधायचा, त्यातही राक्षस. फक्त तलवार नाही! लढाईसुद्धा पानांनीच, आरामात, विचार करून, एकामागून एक. जानेवारी २०१९ मध्ये तो पूर्ण झाला, त्याच्या दहा लाखांहून कितीतरी जास्त प्रती खपल्या, आणि नंतर त्याच्या वाटेने जाणाऱ्या गेमची रांगच लागली. मग २०२१ मध्ये 'इनस्क्रिप्शन' आला. अंधारी खोली, टेबल, आणि पलीकडे बसलेला धमकावणारा पत्तेवाला. त्याला २०२२ मध्ये आयजीएफचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ह्यांनी डिफायंटचं काही उचललं असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण समीक्षकांनी २०१५ मध्ये ज्या दोन गोष्टी वाखाणल्या होत्या, पानं आणि पत्तेवाला, त्या दोन्ही पुढे दुसऱ्यांच्या घरी नांदल्या. ज्या तिसऱ्या गोष्टीला नावं ठेवली, त्या तलवारीला तेवढं मोठं घर काही मिळालं नाही.

मग काय, तलवार काढून टाकली असती तर डिफायंट वाचली असती? तसं सरळ म्हणता येत नाही. स्टीमने जून २०१७ पासून १०० डॉलर भरून कुणालाही गेम विकायला दार उघडलं होतं, आणि त्या गर्दीत चांगल्या चांगल्यांची दमछाक झाली. परीक्षण हे गेम कसा आहे ते सांगतं, घरभाडं कुठून येणार ते नाही सांगत.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. समीक्षकांनी टेबल आणि तलवार असे दोन विभाग पाडले आणि दोघांना वेगवेगळे मार्क दिले. आपण मॉड्यूलप्रमाणे बग टाकतो ना, तसं. पण ह्या गेमच्या नावातच दैव आहे. पालथी पानं म्हणजे दैव, आणि दैवाशी भांडायचं तर हातात काहीतरी हवं. डीलरने सगळी वाईट पानं काढली, शिधा संपत आलाय, जीव थोडासाच उरलाय, आणि तरी बोटं चालली तर तुम्ही त्या लढाईतून जिवंत बाहेर येता. तेव्हा पत्तेवाला क्षणभर गप्प झाल्यासारखा वाटतो, आणि ती शांतता कुठल्याही हुकमाच्या पानाने मिळत नाही. 'स्ले द स्पायर'मध्ये मी हरतो तेव्हा माझा हिशोब चुकलेला असतो. इथे मात्र दैव आणि प्रयत्न ह्यांचं आपलं जुनंच भांडण एका टेबलावर मांडलंय, आणि त्यातली प्रयत्नाची बाजू ती ठीकठाक तलवार लढवते.

म्हणजे समीक्षक चुकले का? नाही. तलवार बोथट होती हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. ती नको होती, असं मात्र त्यातून निघत नाही, आणि डिफायंटने तसा अर्थ काढला नाही हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. त्यांनी तलवार फेकून दिली नाही, धार लावत बसले.

असो. दोन्ही गेम स्टीमवर सेलमध्ये बऱ्याचदा स्वस्तात मिळतात. एखाद्या शनिवारी रात्री दिवे मालवून पत्तेवाल्यासमोर बसून बघा. पानं तोच वाटणार, पण कॅट तुम्ही बांधलेला असेल.