तबकडीचं वय

मेळाव्याच्या तयारीसाठी आम्ही चौघी शाळेतलं संगीताचं कपाट आवरत होतो. तंबोऱ्याचा भोपळा, पेटीचा फाटका भाता, आणि तळाशी बालगंधर्वांच्या नाट्यपदांची एलपी. सगळ्या एकदम ओरडलो, "उद्घाटनाची तबकडी!" आठवतं ना? बाई दर गॅदरिंगला सांगायच्या, शाळा सुरू झाली तेव्हा चावीच्या ग्रामोफोनवर हीच वाजली होती. स्मरणिकेत तिचा फोटो छापायचं ठरलं. खाली साल टाकायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पुण्याच्या जुन्या बाजारातून रेकॉर्डी गोळा करते हे सगळ्यांना माहीत.

जुन्या रेकॉर्डीवर साल क्वचितच छापलेलं असतं. शिवाय गाणं मुद्रित झालं कधी, ही प्रत छापली कधी आणि कुणी घेतली कधी, या तीन वेगळ्या तारखा. बालगंधर्वांचा आवाज मुळात ७८ गतीच्या, लाखेच्या तबकड्यांवरचा. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. १९०८ साली कोलकत्यात कारखाना निघण्याआधी आपल्याकडच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या. पुढे एलपी आल्यावर तेच जुने आवाज त्यांवर पुन्हा उतरवले. त्यामुळे आवाजावरून या प्रतीचं वय कळत नाही.

मग कागदाकडे वळले. आतल्या पाकिटावर लक्ष्मी रोडच्या दुकानाचा शिक्का, त्यात सहा आकडी पिनकोड. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. पण पाकिटं अदलाबदल होतात, त्यावर विसंबू नये. खुद्द लेबलावर शाळेचा जांभळा शिक्का होता: 'पिंपरी-चिंचवड नगरपालिका'. नगरपालिका १९७० ची, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. (अर्थात जुना शिक्का झिजेपर्यंत वापरायची आपली पद्धत पाहता १९८२ ही मर्यादा मी फार ताणणार नाही.) शाळा तर १९६४ ची. तरी जुनी तबकडी नंतर शिक्का मारून नोंदवली असेल, असं मी स्वतःला समजावलं.

पण चावीच्या ग्रामोफोनचं काय? तो ७८ च्या आसपास फिरतो, एलपी ३३⅓ वर. त्याचं जड मुंडकं आणि पोलादी सुई एलपीच्या बारीक खाचा एका फेरीत नांगरून काढते. आपल्या एलपीच्या खाचा स्वच्छ आहेत. ही तबकडी त्या दिवशी वाजलेली असणं शक्यच नव्हतं.

फोटोखाली काय लिहायचं हे बाईंना विचारल्याशिवाय ठरवणं बरं वाटेना. चिंचवडगावात त्यांच्या घरी गेले. त्यांनी एलपी मांडीवर घेतली, चष्मा लावून शिक्का वाचला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"ती माझ्या हातून फुटली गं," मग म्हणाल्या. "पंच्याहत्तर साली, गॅदरिंगच्या तालमीला. नोकरी नवीन होती. लाखेची ती, फरशीवर पडली आणि चार तुकडे. तशी दुकानात मिळेना, म्हणून पगारातून ही आणली. शिक्का मीच मारला. मुख्याध्यापकांनाही सांगितलं नाही."

"मग आम्हाला दर वर्षी..."

"एकदा सांगितलं, मग सांगतच राहावं लागलं."

फोटो छापू नये असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. "छाप. पण खरं साल घाल."

म्हणून पुढच्या पानावरच्या फोटोखाली १९७५ आहे.